काटसावंगीचा पहिला नंबर

अंजनगाव सुर्जीहून सुटलेली बस काटसावंगीच्या फाट्यावर थांबली आणि तिच्यातून एकच पोरगी उतरली. हातात पत्र्याची पेटी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून मान वर काढून बघणारा कुंचला. फाट्यावर कोतवाल पुंजाजी बसला होता. त्यानं आधी कुंचला पाहिला, मग पोरगी पाहिली.

"रंगारी हायेस का वं?"

"नाही. मी विद्यार्थिनी आहे, अमरावतीची. दीड महिना तुमच्या ग्रामपंचायतीत काम शिकायला आले."

"आमच्यापाशी शिकाले?" पुंजाजीनं दोनदा इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कोणी ऐकतं का म्हणून. "बाई, आमच्या गावची पोट्टी शिकाले अमरावतीले जातात. तिकडून इकडे शिकाले आलेली तूच पयली. चाल, पेटी दे."

साल त्रेसष्टचं. पंचायत समित्या नुकत्याच बसल्या होत्या. साहेबांच्या खुर्च्यांचा वार्निशचा वास अजून गेला नव्हता. अमरावतीच्या एका ग्रामीण विद्यालयानं ठरवलं, की पोरापोरींनी नुसतं पुस्तकात गाव वाचू नये, गावात जाऊन गाव वाचावं. प्रत्येकाला एक ग्रामपंचायत वाटून दिली. ललिता मोतीराम वानखडे हिच्या वाट्याला काटसावंगी आली. काम एकच: गावातल्या सगळ्या घरांना नंबर टाकायचे आणि नकाशा काढायचा. शेवटी गटविकास अधिकारी येऊन पाहणार आणि सरपंच दाखल्यावर सही-शिक्का देणार. दाखला नाही, तर परीक्षेला बसायचं नाही. परीक्षा नाही, तर ग्रामसेविकेची जागा नाही.

आणि त्या जागेबद्दल अकोल्यात, तिच्या गावी, सगळ्यांना ठाऊक होतं. ललिताचा बाप जिनात रुईच्या गाठी दाबायचा. त्यानं लेकीची परीक्षा व्हायच्या आधीच अख्ख्या गल्लीत पेढे वाटून टाकले होते. "माही पोरगी सरकारी बाई होऊन राहिली," असं तो बिडी पेटवतानाही सांगायचा आणि विझवतानाही. खाल्लेले पेढे काही परत मागता येत नाहीत. ललिताच्या पोटात गोळा होता तो त्या पेढ्यांचा.

गावाच्या उगवतीच्या अंगाला, जिथं ज्वारीचं शेत संपतं आणि गाव सुरू होतं, तिथं बौद्धांची वीस-बावीस घरं होती. त्यातलं अगदी टोकाचं घर मैनाबाईचं. एकटी, पन्नाशीची, जात्याशिवाय दुसऱ्या कोणाशी वाकून न बोलणारी. तिच्याकडे ललिताची राहायची सोय झाली. पहिल्याच दिवशी मैनाबाईनं भाकरी पुढे सरकवली आणि विचारलं,

"नंबर टाकून काय होते वं?"

"मावशी, नंबर असला की चिठ्ठी बरोबर घरी येते. विहीर, दिवा, रस्ता, काय कुठं पाहिजे ते कागदावर कळतं."

"मले कोन चिठ्ठी लिवते? पन टाक बापा. भिताड रिकामंच हाये."

दारावर लावायच्या पत्र्याच्या पाट्या जिल्ह्याला मंजूर होत्या. मंजूर होत्या म्हणजे आल्या नव्हत्या. म्हणून ललितानं विद्यालयातून गेरूचा डबा आणला होता. कागदावर सूचना स्पष्ट होती: गावाच्या पूर्वेकडील शेवटच्या घरापासून सुरुवात करावी व उजव्या हाताने जावे. ललितानं उगवतीकडे तोंड केलं, सूचना पुन्हा वाचली, कुंचला बुडवला आणि मैनाबाईच्या पांढऱ्या भिंतीवर मोठा, ठसठशीत एक काढला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मैनाबाई जात्यावर बसली, तेव्हा ओवी नवी होती:

उगवला दिस बाई, त्यानं पुसलं माहं घर,
सांगते मी त्याले, दारी गेरूचा नंबर.

ललिता गोधडीत पडून ऐकत राहिली. पुस्तकात 'प्रात्यक्षिकाचे फायदे' असा एक धडा होता, त्यात हा फायदा लिहिलेला नव्हता.

पण गाव काही सगळं मैनाबाईचं नव्हतं. तीन नंबर घ्यायला कोणी तयार होईना. "तीन तिघाडा काम बिघाडा, आमच्या दारावर काहून?" तेरा नंबरवाली म्हातारी तर काठी घेऊन उठली. "मी जित्ती हाये आन् तू माही तेरवी भिताडावर लिवून राहिली?" छत्तीस नंबरवाला म्हणाला, "भावासंग तसंही पटत नाई, आता सरकारनंबी लिवून द्यावं का?" ललिता एकेकाला समजावत पुढे सरकत होती. घरोघर चहा पीत होती. गूळ घातलेला चहा दिवसातून अकरा वेळा प्यायल्यावर माणूस कसाही शांत राहतो, हा एक शोध तिनं आपल्या वहीत लिहून ठेवला.

आठव्या दिवशी ती सरपंचांच्या दारात पोचली. खुशालराव म्हणजे काळ्या जमिनीचे धनी, मिशा पिळदार, स्वभाव तिखट, पण कान हलका. ओट्यावर पानाचा डबा घेऊन बसले होते. ललितानं भिंतीवर अठ्ठावन काढला. खुशालरावांनी मान तिरपी करून पाहिलं.

"हे काय?"

"अठ्ठावन, सरपंचसाहेब."

"अठ्ठावन कोनाचा?"

"तुमच्या घराचा."

"आन् एक नंबर?"

ललितानं कुंचला डब्यात ठेवला. "मैनामावशीचा."

खुशालरावांच्या हातातलं पान हातातच राहिलं. "म्हंजे जिथं राह्यली, जिथं भाकर खाल्ली, तिथंच एक नंबर! वा रे शिक्षन! माह्या आजानं हे गाव बसवलं. बैलपोया माह्या बैलापासून निंघते. गनपती माह्या ओट्यावर बसते. आन् नंबर अठ्ठावन?"

"तसं नाही हो. कागदावरच लिहिलंय, पूर्वेपासून सुरू करा. सूर्य तिकडूनच उगवतो, त्याला मी काय करू?"

"सूर्य उगवते तिकडून, पन पयले पाह्यते कोनाकडे? ह्या माडीकडे!" खुशालरावांनी माडी दाखवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "पाह्य पोरी, तुले दाखला लागते ना? शिक्का कोनापाशी हाये?"

शिक्का त्यांच्याच बंडीच्या खिशात होता. कपड्यावरून दिसत होता.

संध्याकाळी ललिता मैनाबाईपाशी रडकुंडीला आली. मैनाबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "देऊन टाक ना त्याले. मले काय करा लागते एक नंबर? साहेब आला तं पयले माह्याच घरी येईन, चहा मलेच पाजा लागन. दूध कोठून आनू मी?"

"मावशी, एक नंबर उचलून तिकडे नेला तर सगळे नंबर सरकतात. नकाशा खोटा होतो. आणि..." ललिता थांबली. चिडली की तिच्या तोंडून शाळेची मराठी गळून पडायची आणि अकोला बाहेर यायचा. "आन् काहून देऊ मी? कागदावर तुमचा हाये तं तुमचाच राहीन!"

मैनाबाईनं निवडलेले तांदूळ एका बाजूला केले. त्या रात्री भाकरीवर गुळाचा मोठा खडा होता.

दिवस गेले. एकशे त्रेसष्ट घरं झाली. ज्वारी कणसाला आली, कपाशीला बोंडं धरली. घट बसायला चार दिवस उरले होते आणि चिठ्ठी आली: मंगळवारी गटविकास अधिकारी गावाची पाहणी करतील. सोमवारी ललिता नकाशाला जाड कागद आणि रंगीत शाई आणायला अंजनगाव सुर्जीला गेली.

संध्याकाळच्या बसनं ती परतली आणि फाट्यावरून गावाकडे पाहून जागच्या जागी थांबली. गाव ओळखू येईना. मावळतीचं ऊन गावावर पडलं होतं आणि गाव दुधात बुडवून काढल्यासारखं दिसत होतं. भिंती पांढऱ्या, ओटे पांढरे, गोठ्याचे खांबसुद्धा पांढरे. ओल्या पांढऱ्या मातीचा गार वास रस्त्यावर उतरला होता. घराघरांतून बायका कोपरापर्यंत पांढऱ्या होऊन हसत होत्या आणि कुठंतरी गाणं चाललं होतं:

पांढऱ्या मातीचा वास भिताडाले आला,
साहेब येते म्हून गाव नवा झाला.

काय सुंदर, असं ललिताच्या मनात आलं. आणि मग तिची नजर भिंतींवरचे आकडे शोधू लागली.

गावात एकही नंबर उरला नव्हता.

मैनाबाई दारात उभी होती, हातात बोळा. "पाह्य! कसं चमकून राह्यलं! दसऱ्याले आमचा दीक्षेचा दिवस, म्हून पोतारा कराचाच होता. पन दवंडी आली, आजच करा. तं सारं गाव एकाच दिवशी लागलं. इकडचं-तिकडचं, सारं!"

"दवंडी? कोणी दिली?"

"मी देल्ली," पुंजाजी मागून अभिमानानं म्हणाला. "सरपंचानं सांगतलं, 'नंबर पाहाले साहेब येते, घरं सोच्छ पोतारून ठेवा.' एकबी घर नाई सोडलं बाई. तीन येळा फिरलो."

नंबर पाहायला साहेब येणार, म्हणून अख्ख्या गावानं नंबर पोतारून काढले होते. ललिता ओल्या ओट्यावरच बसली. रडावं की हसावं हे ठरेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. बायका गोळा झाल्या.

"काय झालं वं माय?"

"नंबर!" ललितानं भिंतीकडे हात केला. "नंबर कुठं हाये माहे?"

बायकांनी भिंतीकडे पाहिलं. एकमेकींकडे पाहिलं. मग कोणीतरी तोंडाला पदर लावला आणि गल्लीभर हशा पसरला. हशा ओसरल्यावर मैनाबाईनं विचारलं, "आता?"

डब्यात गेरू अर्धी वाटी. साहेब उद्या दुपारी बारा वाजता. एकशे त्रेसष्ट घरं एकटीनं काढायची, तर गुरुवार उजाडला असता.

"एवढं रडाले काय झालं?" मैनाबाई म्हणाली. "महिनाभर थो आकडा आमच्या डोयापुढं होता. सडा टाकतानी पाह्यला, भांडे घासतानी पाह्यला. मले लिवता नाई येत, पन माहा एक मी डोये झाकून काढीन. ह्या सगळ्या रांगोळी काढतात का नाई? पुंजाजी, ढोल उचल."

मंगळवारी दिवस उगवताच दवंडी फिरली: ज्याच्या घराचा जो नंबर होता, थो ज्याच्या त्यानं आपल्या भिताडावर काढावा हो! गेरू नाही तिथं वीट उगाळली, वीट नाही तिथं कुंकू कालवलं. ललिता नकाशा घेऊन मैनाबाईच्या दारापासून तपासत निघाली आणि हरखून गेली. बायकांनी नुसते आकडे काढले नव्हते. पाचाच्या पोटात फूल होतं. चार म्हणजे एकमेकांना विळखा घातलेल्या दोन वेली. बावीसचे दोन्ही दोन समोरासमोर मोर होऊन बसले होते. कुठं सात उताणा पडला होता, कुठं चार उलटा टांगला होता, तेवढे तिनं सरळ करून घेतले. तीन नंबरची भिंत तेवढी कोरी होती, बाकी पंचेचाळीसपर्यंत गाव नकाशाला बरोबर जुळलं आणि तिच्या पोटातला पेढ्यांचा गोळा थोडा हलका झाला.

तेवढ्यात जीपचा आवाज आला. बारा वाजता येणारे साहेब दहालाच आले होते.

साहेब पुण्याकडचे. नवीन, गोरे, रुमालानं घाम टिपणारे. वेशीत पुंजाजीनं त्यांना प्रेमानं विचारलं, "काहून आले साहेब इतक्या लवकर?" साहेबांना वाटलं, आपल्याला हाकलतायत. ते जरा बिचकूनच उतरले. खुशालरावांनी हार घातला आणि साहेबांचा हात धरून थेट आपल्या माडीकडे नेलं.

"या साहेब. हे पाहा. घर नंबर एक!"

भिंतीवर हातभर उंच एक होता. त्याला झेंडूचा हार घातला होता. ललिता धापा टाकत पोचली आणि हार पाहून उभीच राहिली.

"छान," साहेब म्हणाले आणि एक घर पुढे गेले. तिथंही एक होता. साहेब थबकले. समोरच्या घराकडे वळले. तिथंही एक, शिवाय बाजूला स्वस्तिक.

"एक नंबरची घरं गावात आहेत तरी किती?"

पुंजाजीनं इमानदारीनं बोटं मोजली. "बारा, साहेब. दवंडीत कोनता नंबर कोनाचा हे सांगाचं राह्यलं. लोकाइनं मंग चांगला पाहून घेतला."

"आणि तीन नंबर?"

"थो कोनीच नाई घेतला."

साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. त्यांचा आवाज आता वेगळा होता. "बाई, हे तुमचं काम? दीड महिन्यात हे केलंत? खरा एक नंबर कुठला, ते तरी तुम्हाला ठाऊक आहे का?"

ललितानं नकाशा छातीशी धरला. खुशालराव साहेबांच्या मागे उभे होते. त्यांनी दोन बोटांनी बंडीचा खिसा हळूच चाचपला आणि पुढे येऊन तिच्या कानाशी म्हणाले, "सांग ना बाई, हेच म्हून. साहेब खूश, मी खूश, तू पास. कोनाचं काय जाते?"

खरंच, कोणाचं काय जात होतं? मैनाबाईनं तर आधीच देऊन टाकला होता. ललिताला जिनाच्या दारात बिडी ओढत उभा असलेला बाप दिसला. दोन अक्षरं बोलायची. 'हेच.' तिनं तोंड उघडलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण आवाज अकोल्याचा निघाला.

"हे नाई, साहेब. एक नंबर उगवतीच्या टोकाले हाये, मैनाबाईचा. ह्या घराचा नंबर अठ्ठावन. बाकीचे दहा एकबी खोटे हायेत. नकाशा पाहा. दाखला नाई भेटला तं नाई भेटला."

खुशालरावांच्या मिशांची टोकं वर चढली. "ऐकलं साहेब? अशी उलटी बोलते! ह्या पोरीले मी दाखला..."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं, कारण माडीच्या दारातून त्यांची बायको पार्वताबाई बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात ओलं फडकं. ती कोणाशी बोलली नाही. सरळ भिंतीपाशी गेली, झेंडूचा हार काढून नवऱ्याच्या हातात दिला आणि फडक्यानं तो हातभर एक पुसून टाकला.

"काय करून राह्यली?" खुशालराव ओरडले.

"माहा अठ्ठावन काढून राह्यली." पार्वताबाईनं वाटीतल्या गेरूत बोट बुडवलं. "शाळेतल्या गुरुजीपाशी मी भावाले चिठ्ठी लिवून घेतली, अकोल्याले. म्हटलं, आता पत्ता हाये मले. थ्याचं उत्तर आलं परवा. सौभाग्यवती पार्वताबाई, घर नंबर अठ्ठावन. तीस वर्सं झाले लग्नाले, माह्या नावानं ह्या घरात कागद नव्हता आला. आता तुमी एक करून ठेवा आन् माह्या भावाची भाऊबीजेची चिठ्ठी अदलाबदलीत मैनाबाईच्या घरी जाईन! चालन तुमाले?"

"अवो पन गावात माही इज्जत..."

"इज्जत माडीवर हाये, नंबरात नाई. सरका."

खुशालराव सरकले. त्यांना सरकताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं. मागच्या ओट्यावरून कोणीतरी फिसकन हसलं आणि साहेबांनीही तोंडावर रुमाल धरला. पार्वताबाईनं वळणदार अठ्ठावन काढला, बोट फडक्याला पुसलं आणि शेजारणीकडे नुसतं पाहिलं. शेजारीण पाणी आणायला आत पळाली. घटकाभरात गल्लीतले एक एक करून दहा एक पुसले गेले आणि ललिता नकाशात पाहून खरे आकडे सांगत राहिली. तीन नंबरवाला तेवढा शेवटपर्यंत कुरकुरत होता. पार्वताबाई म्हणाली, "तुह्या घरी तू, बायको आन् माय. तिघंच तं हायेत. काढ मुकाट्यानं."

"चला," साहेब म्हणाले, "आता पूर्वेपासून सुरू करू."

पूर्वेला मैनाबाईनं जीप पाहूनच चूल पेटवली होती. दूध नव्हतं. तिनं साहेबांना गुळाचा काळा चहा दिला आणि म्हणाली, "दुधाचा राग धरू नका साहेब. एक नंबर आहो आमी, पन म्हैस नाई." साहेबांनी चहा घेतला, आणखी मागितला आणि घोंगडीवर बसूनच नकाशावर खुणा केल्या. एकशे त्रेसष्टपैकी एकशे साठ जुळले. उरलेल्या तिघांनी आकडे ज्या अंगानं काढले होते त्या अंगानं ते वाचता येत नव्हते, पण सुंदर होते. साहेबांनी ते बरोबर धरले.

दाखल्याचा कागद ग्रामपंचायतीच्या मेजावर आला. खुशालराव बराच वेळ टाक हातात धरून बसले. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते, म्हणजे बघत असल्यासारखं करत होते. दारात पार्वताबाई उगीचच उभी होती.

"शेऱ्यात काय लिवू?" खुशालरावांनी विचारलं.

"खरं ते लिहा," ललिता म्हणाली.

खुशालरावांनी जीभ दाताखाली धरून लिहिलं: 'मुलगी कामाची आहे. सांगितलेले ऐकत नाही.' खाली सही ठोकली, खिशातून शिक्का काढून त्यावर जोरानं दाबला आणि कागद तिच्याकडे ढकलला.

ललितानं शेरा वाचला. पुन्हा वाचला. मग कागद परत त्यांच्यापुढे सरकवला.

"सरपंचसाहेब, तारीख टाकायची राहिली."

खुशालरावांनी साहेबांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पाहा साहेब, मी लिवलं थे खोटं नाई ना?" असं म्हणून त्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि तारीख टाकली.